एमआरपीच्या आडोशाला

भारतातील सुपरमार्केटात विकल्या जाणाऱ्या बंद पाकिटातील वस्तूला एकाच वेळी तीन किमती असतात. बिलातील चूक, तिच्यापोटी मागितला जाणारा परतावा आणि त्या मागणीची नैतिकता यांचा विचार या तीन किमती वेगळ्या केल्याखेरीज पुढे सरकत नाही. पहिली किंमत उत्पादकाने पाकिटावर छापलेली, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे रोजच्या बोलण्यातील एमआरपी. दुसरी दुकानाने रॅकच्या कडेला लावलेल्या पट्टीवरची, बहुधा पहिलीपेक्षा कमी. आणि तिसरी, काउंटरवर बारकोड वाचला गेल्यावर बिलात उमटणारी. युरोप-अमेरिकेत पहिली किंमत सहसा नसतेच, त्यामुळे तिथे पट्टी आणि बिल यांच्यातील तफावत उघडी पडते. भारतात मात्र पट्टीवर ८५ रुपये, बिलात ९२ रुपये आणि पाकिटावर ९९ रुपये असले, की काउंटरवर ठरलेले उत्तर मिळते, ‘एमआरपीपेक्षा कमीच लावले आहेत.’ ग्राहकाच्या संरक्षणासाठी घातलेली कमाल मर्यादा अशा रीतीने विक्रेत्याच्या चुकीचा आडोसा होऊन बसते, आणि सात रुपये मागणारा ग्राहक स्वतःलाच हावरट वाटू लागतो.

हा आडोसा जुना नाही. पाकिटावर ‘स्थानिक कर वेगळे’ असे छापून दुकानदाराला वाटेल तेवढी भर घालू देण्याची पद्धत १९९० साली आवेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती होऊन बंद झाली आणि करांसह एकच कमाल किंमत छापणे बंधनकारक झाले. आज हाच नियम २००९ चा वैधमापन अधिनियम आणि २०११ चे आवेष्टित वस्तू नियम यांच्या आधारे उभा आहे, आणि छापील किमतीपेक्षा जास्त घेणे हा त्यानुसार गुन्हा आहे. तथापि छापील किमतीच्या आत राहिलेल्या विक्रेत्याची जबाबदारी तिथेच संपते, असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम २(६) मध्ये ‘तक्रार’ या संज्ञेची व्याख्या करताना जास्त किंमत घेण्याचे चार प्रकार सांगितले आहेत: कायद्याने ठरवलेल्या किमतीहून जास्त, वस्तूवर किंवा वेष्टनावर दर्शवलेल्या किमतीहून जास्त, विक्रेत्याने लावलेल्या दरपत्रकातील किमतीहून जास्त, आणि उभय पक्षांत ठरलेल्या किमतीहून जास्त. रॅकवरची पट्टी तिसऱ्या प्रकारात सहज बसते. ती दुकानदाराने आपल्या हाताने, आपल्या अक्षरांत आणि ग्राहकाला वस्तूकडे ओढण्यासाठीच लावलेली असते, म्हणून तिच्याहून जास्त रक्कम घेतल्यावर एमआरपीकडे बोट दाखवणे कायद्याच्या दृष्टीने गैरलागू ठरते.

चूक कशी घडते हे पाहिल्यावाचून तिचा न्यायनिवाडा करू नये. भारतातील बहुतेक उत्पादनांच्या बारकोडखाली ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी क्रमांक असतो. तो वस्तूची ओळख सांगतो, किंमत सांगत नाही. किंमत कंपनीच्या मध्यवर्ती संगणकातील यादीत असते आणि ती यादी रात्रीतून बदलता येते. रॅकवरची पट्टी मात्र माणसाला हाताने बदलावी लागते, आणि हे काम बहुतेक ठिकाणी सकाळी दुकान उघडण्याआधीच्या घाईत उरकले जाते. शनिवार-रविवारची सवलत सोमवारी संगणकातून निघून जाते, पण पट्टी दुपारपर्यंत तशीच राहते. जुन्या आणि नव्या मालाचा बारकोड एकच, पण छापील किंमत वेगळी असली, की पडद्यावर दोन किमतींपैकी एक निवडण्याची वेळ कॅशिअरवर येते, आणि मागे रांग वाढत असताना तो पाकीट उलटून पाहीलच असे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हा जुन्या छापील किमतीचा माल आणि नवे दर एकाच रॅकवर एकत्र आले, आणि या प्रकारच्या गोंधळाला देशभर एकाच दिवशी वाव मिळाला.

यातून दिसते ते एवढेच, की बिलातील चूक ही बहुतेक वेळा लबाडी नसते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ साली केलेल्या पाहणीत सुमारे ४.८ टक्के वस्तूंची किंमत चुकीची वाचली गेली, आणि त्यांत ग्राहकाच्या फायद्याच्या चुका तोट्याच्या चुकांपेक्षा किंचित जास्तच निघाल्या. १९९८ च्या दुसऱ्या पाहणीत हे प्रमाण साधारण तीस वस्तूंत एक एवढे खाली आले. ‘दुकानदार लुटतात’ असे सरसकट म्हणणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवावेत. परंतु चूक दोन्ही दिशांना सारखी होत असली, तरी तिची दुरुस्ती दोन्ही दिशांना सारखी होत नाही, आणि नैतिक प्रश्न खरे पाहता इथून सुरू होतो. कमी लागलेली किंमत दुकानाच्या हिशेबात घट म्हणून दिसते आणि कंपनीचे लेखापरीक्षक तिच्या मागे लागतात. जास्त लागलेली किंमत नफा म्हणून दिसते, आणि नफ्याची चौकशी सहसा कोणी करत नाही. तिच्यावर लक्ष ठेवणारा एकच माणूस असतो, बिल हातात घेऊन दाराबाहेर पडणारा ग्राहक. तो गप्प बसला तर कोणाचाही वाईट हेतू नसताना चुकीचे रूपांतर उत्पन्नात होते.

ग्राहक गप्प का बसतो, याचे उत्तर बाजाराच्या इतिहासात सापडते. वाण्याच्या दुकानात उधारीच्या वहीत चूक निघाली, तर ती महिनाअखेरीस हिशेब होताना दुरुस्त होत असे. तिथे परतावा मागणे ही मागणी नव्हती, ती हिशेबाचीच एक रीत होती, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांचे तोंड पुन्हा पाहायचे असल्याने ताळा जुळवण्यात दोघांचेही हित होते. (काटा मारणारे वाणीही होते, या रीतीचे गोडवे गाताना ते विसरता कामा नये.) सुपरमार्केटात समोर कॅशिअर असतो, पण किंमत ठरवणारा तो नसतो, आणि ठरवणारा समोर कधीच येत नाही. चार माणसांसमोर सात रुपयांसाठी वाद घालणे मध्यमवर्गीयाला शोभत नाही, ही समजूत त्यात भर घालते. ही समजूत नैतिक वाटते, पण तिच्यात नीती फारशी नाही. तिच्या मुळाशी लाज आहे, आणि त्या लाजेची किंमत महिन्याचा किराणा मोजून घेणाऱ्या कुटुंबाला जास्त पडते, कारण त्याच्या दृष्टीने सात रुपये ही किरकोळ रक्कम नसते.

या संदर्भात बेंगळुरूचा अनुभव विशेष बोलका आहे, कारण देशातील किरकोळ व्यापाराच्या संगणकीकरणाचा मोठा भाग याच शहरात घडला. जर्मन कंपनी मेट्रोने घाऊक विक्रीचे आपले भारतातील पहिले केंद्र २००३ साली इथे उघडले. फ्लिपकार्ट २००७ साली आणि बिगबास्केट २०११ साली इथेच सुरू झाल्या. साहजिकच, यंत्राने लावलेल्या किमतीबद्दलच्या तक्रारीही इथल्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगांपुढे वारंवार येत राहिल्या. २०२३ साली निकाली निघालेल्या एका तक्रारीत ९५ रुपये छापील किंमत असलेल्या शाम्पूच्या बाटलीला फ्लिपकार्टवरून १९१ रुपये आकारले गेल्याचे प्रकरण होते, आणि खरेदी २०१९ च्या मोठ्या सवलत-विक्रीच्या काळातील होती. आयोगाने वरचे ९६ रुपये परत करण्याबरोबर भरपाई आणि खर्च म्हणून आणखी २० हजार रुपये देण्यास सांगितले. त्याच वर्षी नागसंद्रा येथील आयकियाच्या दुकानात, कंपनीचे नाव छापलेल्या कागदी पिशवीचे २० रुपये घेतल्याबद्दल ते २० रुपये व्याजासह, शिवाय १ हजार भरपाई आणि २ हजार खर्च द्यावा, असा आदेश झाला. पिशवीचे प्रकरण काटेकोरपणे पाहिल्यास किमतीच्या चुकीचे नव्हे. पण राष्ट्रीय आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये बिग बझारच्या प्रकरणात मांडलेले तत्त्व दोन्हीकडे लागू पडते: खरेदी संपून ग्राहक काउंटरशी उभा राहिल्यावर, जेव्हा वस्तू सोडून जाणे त्याला अवघड असते, तेव्हा पहिल्यांदा कळणारी किंमत ही अनुचित व्यापारी प्रथा, म्हणजे ग्राहकाच्या अडचणीचा वा अज्ञानाचा फायदा घेणारी रीत होय.

अशा निकालांवर हमखास घेतला जाणारा आक्षेप रकमेबद्दल असतो. २० रुपयांसाठी आयोगाचा वेळ खर्ची घालावा काय, असे विचारले जाते. उत्तर प्रदेशातील मथुरेच्या एका वकिलाने रेल्वेने दोन तिकिटांसाठी ७० ऐवजी ९० रुपये घेतल्याबद्दल १९९९ साली केलेली तक्रार २०२२ साली, म्हणजे तब्बल २२ वर्षांनी निकाली निघाली, तेव्हा देशभर कौतुकाइतकीच चेष्टाही झाली. आक्षेप अगदी चुकीचा नाही, पण त्याने रक्कम चुकीच्या ठिकाणी मोजली आहे. एका ग्राहकाचे २० रुपये हे एका ग्राहकाचेच असतात. चूक मात्र मध्यवर्ती यादीत असल्यामुळे ती त्या दिवशी तीच वस्तू घेणाऱ्या प्रत्येकाच्या बिलात गेलेली असते. तक्रार करणारा एकटा दिसतो. चूक एकटी कधीच नसते. बारकोडच्या काळातील चुकीचा हा गुण वाण्याच्या वहीतील चुकीत नव्हता. म्हणूनच परताव्याकडे केवळ दोन व्यक्तींमधील देण्याघेण्याचा व्यवहार म्हणून पाहणारी जुनी नीती इथे अपुरी पडते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: चूक सापडली म्हणून परतावा मागणे ठीक, पण चुकाच शोधत हिंडणाऱ्याचे काय? काही देशांनी याला सरळ उत्तर दिले आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या कायद्यानुसार जास्त पैसे घेतलेल्या दुकानाने फरक परत करून वर त्याच्या दहापट, किमान एक आणि कमाल पाच डॉलर, बक्षीस द्यायचे असते. कॅनडात २००२ पासून लागू झालेल्या ऐच्छिक संहितेने दहा डॉलरपर्यंतची वस्तू फुकट देण्याचे ठरवले. ऑस्ट्रेलियातील मोठ्या सुपरमार्केटांच्या संहितेत चुकीने जास्त किंमत लागलेली पहिली वस्तू फुकट आणि त्याच प्रकारच्या पुढच्या वस्तू कमी किमतीला, अशी तरतूद आहे. या योजनांनी चूक शोधणाऱ्याला हेरून काढलेले नाही, उलट त्याला बिनपगारी निरीक्षक केले आहे. आणि निरीक्षकाचा हेतू शुद्ध असावाच अशी अट घातली, तर सरकारी वजनमापे निरीक्षकाच्या पगारावरही बोट ठेवावे लागेल. शोधणाऱ्याचा हेतू नव्हे, तर त्याची कृती तपासली पाहिजे. पट्टी चुकली आहे हे पाहून वस्तू घेणे व काउंटरवर ते सांगणे यात गैर काही नाही. पट्टी स्वतः हलवणे, दुसऱ्या वस्तूचे लेबल चिकटवणे, किंवा घरपोच आलेला चांगला माल खराब झाल्याचे खोटे छायाचित्र पाठवणे ही मात्र उघड फसवणूक आहे. मधली जागा आहे ती चूक दिसल्यावर मुद्दाम दहा नग उचलणाऱ्याची, आणि ऑस्ट्रेलियाच्या संहितेने फक्त पहिली वस्तू फुकट ठेवून ही जागा शहाणपणाने बंद केली आहे.

भारतात असे ठरलेले माप नाही, हीच मोठी उणीव आहे. बेंगळुरूत १८७ रुपयांचे आइस्क्रीम न पोहोचल्याबद्दल २०२४ साली स्विगीला त्या रकमेव्यतिरिक्त ५ हजार रुपये द्यावे लागले. त्याच वर्षी धारवाडच्या आयोगाने १३३ रुपयांच्या मोमोंबद्दल झोमॅटोला ६० हजार रुपये देण्यास सांगितले. दोन्ही शहरे एकाच राज्यातली, तक्रारींचे स्वरूप जवळपास सारखे, आणि भरपाईत बारा पट फरक. प्रत्येक निकालामागे त्या-त्या प्रकरणातील तपशील असतील, तरीही भरपाईची कल्पना लॉटरीसारखी झाली, तर खऱ्या तक्रारदाराकडेही संशयाने पाहिले जाते आणि खोट्या तक्रारदाराला आशा वाटते. आयोगापर्यंत जाण्याऐवजी काउंटरवरच मिळणारी, लहान पण ठरलेली रक्कम दोघांनाही योग्य जागी ठेवते.

आता पारडे उलटे करून पाहावे लागते, कारण परतावा मागणाऱ्या ग्राहकाच्या नीतीची कसोटी चूक त्याच्या फायद्याची असते तेव्हा लागते. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७२ नुसार चुकीने मिळालेले पैसे परत करणे घेणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि हे कलम विक्रेता व ग्राहक यांच्यात भेद करत नाही. त्याच अधिनियमाचे कलम २२ मात्र सांगते की केवळ एका पक्षाची चूक झाली म्हणून करार रद्द करता येत नाही. या दोहोंमधील ताण दोन प्रकरणांत स्पष्ट दिसतो. २००३ साली सिंगापूरमध्ये ३,८५४ डॉलरचा प्रिंटर एका संकेतस्थळावर चुकून ६६ डॉलरला दिसला; वकिलांसह सहा मित्रांनी रातोरात १,६०६ प्रिंटर मागवले, आणि न्यायालयाने करार रद्दबातल ठरवला, कारण किंमत चुकली आहे हे त्यांना माहीत होते. उलट २०१४ साली ओडिशातील एका कायद्याच्या विद्यार्थ्याने ॲमेझॉनवर २३,४९९ रुपयांचा लॅपटॉप १९० रुपयांना मागवला आणि कंपनीने ती मागणी रद्द केली, तेव्हा राज्य आयोगाने २०२१ साली त्याला एकूण ४५ हजार रुपये देवविले. सिंगापूरच्या न्यायालयाने लावलेली कसोटी, म्हणजे घेणाऱ्याला चूक ठाऊक होती काय, ही नैतिकदृष्ट्या अधिक टिकाऊ आहे. १९० रुपयांत लॅपटॉप मिळतो यावर ज्याचा खरोखर विश्वास बसेल, असा ग्राहक शोधून काढावा लागेल. सवलतींच्या जाहिरातींनी ग्राहकाची वास्तवाची जाण बिघडवली आहे, हे मान्य केले तरी इतकी नाही.

तेव्हा दोन्ही बाजूंना एकच नियम लावता येतो काय? तत्त्व एकच, पण भार सारखा नाही. किंमत लिहिणारा, बदलणारा आणि तिची नोंद ठेवणारा विक्रेता आहे, म्हणून न कळत झालेल्या चुकीचा भार त्याने सोसावा. ग्राहकाने भार घ्यायचा तो फक्त कळून-सवरून साधलेल्या फायद्याचा. कांटने १७८५ मधील आपल्या नीतिमीमांसेत अजाण गिऱ्हाइकालाही एकाच भावाने विकणाऱ्या दुकानदाराचे उदाहरण घेऊन विचारले होते की हा प्रामाणिकपणा कर्तव्याचा की धंद्याच्या हिताचा. आजच्या कंपन्यांबाबत हा प्रश्न विचारण्याचीही गरज उरत नाही, कारण हेतू असलेला दुकानदारच तिथे नाही, फक्त यादी आणि तिच्यातील आकडे आहेत. म्हणून नीती हेतूत न शोधता व्यवस्थेत शोधावी लागते. कौटिल्याने ते फार पूर्वी केले होते. अर्थशास्त्रातील व्यापाऱ्यांवरील नियंत्रणाच्या प्रकरणात देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा नफ्याची मर्यादा घालून तिच्यापलीकडे जाणाऱ्याला दंड सांगितला आहे, आणि व्यापाऱ्याच्या मनाची तपासणी तिथे नाही. त्या ग्रंथाचे हस्तलिखित १९०५ साली म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात शामशास्त्रींच्या हाती लागले, म्हणजे हा विचार बेंगळुरूच्या शेजारीच सापडला.

व्यवस्थेतील सर्वांत दुबळा दुवा कॅशिअर आहे, आणि परतावा मागणाऱ्याने त्याला विसरणे अन्याय्य ठरते. १९३६ च्या वेतन अधिनियमाने, कामगाराच्या हवाली केलेला माल वा पैसा त्याच्या निष्काळजीपणामुळे बुडाला तर तेवढी रक्कम त्याच्या पगारातून कापण्यास मुभा दिली होती. किंमत यादीत चुकली असेल तर तो निष्काळजीपणा कॅशिअरचा नसतो. पण दिवसाअखेर गल्ला मोजताना हा फरक समजून घेणारा व्यवस्थापक प्रत्येक दुकानात असेलच असे नाही. त्यामुळे चुकून कमी लागलेले पन्नास रुपये कळूनही खिशात घालणाऱ्याने ते मोठ्या कंपनीकडून आल्याची खात्री बाळगू नये. आणि जास्त लागलेले मागताना कॅशिअरवर आवाज चढवणे हे चुकीच्या माणसाशी भांडणे आहे. परतावा व्यवस्थापकाकडे मागावा, आणि लेखी मागावा.

लेखी मागण्याचे आणखी एक कारण आहे. काउंटरवर मागितलेला परतावा सहसा मिळतो: व्यवस्थापक दिलगिरी व्यक्त करतो, सात रुपये परत देतो, यादी दुरुस्त होते. भांडण मिटते, पण सकाळपासून त्याच चुकीने बिल झालेल्या इतरांचे पैसे दुकानातच राहतात, आणि तक्रारदाराच्या परताव्याने त्यांच्यावर जणू पडदा पडतो. अशा रीतीने एकट्याचा परतावा हा दुकानाला सर्वांत स्वस्त पडणारा तोडगा ठरतो. ग्राहक कायद्यात याला पर्याय आहे; सहज ओळखता न येणाऱ्या अनेक ग्राहकांचे नुकसान झाले असल्यास त्या मालाच्या किमतीच्या किमान २५ टक्के रक्कम भरण्याचा आदेश आयोग देऊ शकतो. पण हा मार्ग सरळ नाही. बेंगळुरूच्या आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सिनेमाआधी लांबलचक जाहिराती दाखवल्याबद्दल पीव्हीआरला तक्रारदाराच्या भरपाईखेरीज १ लाख रुपये ग्राहक कल्याण निधीत भरायला सांगितले, तेव्हा कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि एका तक्रारीला जनहित याचिकेसारखे वागवल्याबद्दल प्रश्न उपस्थित केला.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण या जुलै २०२० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेला मात्र अनेक ग्राहकांच्या वतीने कारवाई करण्याचा अधिकार आहे, आणि तिने तो बेंगळुरूच्याच एका कंपनीबाबत वापरला. दुचाकी आणि रिक्षा पुरवणाऱ्या रॅपिडोने ‘पाच मिनिटांत रिक्षा, नाही तर ५० रुपये’ अशी जाहिरात केली, पण प्रत्यक्षात कंपनीची नाणी दिली, तीही ५० ‘पर्यंत’ आणि सात दिवसांत दुचाकीच्या फेरीसाठीच वापरता येणारी. प्राधिकरणाने ऑगस्ट २०२५ मध्ये १० लाख रुपयांचा दंड तर केलाच, पण ज्यांना रक्कम मिळाली नाही त्या सर्व ग्राहकांना ती देण्याचा आदेशही दिला. मागणी न करणाऱ्यालाही परतावा देता येतो, हे या आदेशाने दाखवले. सुपरमार्केटात ते अधिकच सोपे आहे. बहुतेक साखळी दुकाने बिल करताना मोबाइल क्रमांक विचारतात आणि त्यावर सवलतींचे संदेश पाठवतात. कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत कोणती किंमत चुकीची होती, आणि त्या वेळेत ती वस्तू कोणी घेतली, हे त्यांच्याच संगणकात असते. आणि यूपीआयमुळे सात रुपये पाठवायला लागणारा खर्च नगण्य झाला आहे. रोखीने पैसे देऊन क्रमांक न सांगता गेलेल्या ग्राहकांचा वाटा उरतो. त्यासाठीही नवा विचार करण्याची गरज नाही, कारण करकपातीचा लाभ ग्राहकांपर्यंत न पोहोचवणाऱ्या कंपन्यांबाबत, ग्राहक ओळखता न आल्यास अर्धी रक्कम केंद्राच्या आणि अर्धी राज्याच्या ग्राहक कल्याण निधीत भरण्याची रीत वस्तू व सेवा कराच्या नियमांत आधीच घालून दिलेली आहे.